कुंडीतली शोभेची झाडं आणि उघड्यावरचा टोमॅटो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे दोन विषय एकत्र का घेतले? कारण घरच्या बागेत ते शेजारी-शेजारी असतात आणि दोघांना एकाच झारीने, एकाच वेळी, सारखंच पाणी मिळतं. बिघाड तिथूनच सुरू होतो. कुंडीतलं झाड थोडक्या मातीत वर्षानुवर्षं राहायला आलेलं असतं, त्याला धीमं ठेवावं लागतं. टोमॅटोला चार-पाच महिन्यांत पान, फूल, फळ, बी सगळं उरकायचं असतं, त्याला मध्येच अडवून चालत नाही. हा फरक मनात ठेवून पुढची उत्तरं वाचा.

कुंडीसाठी कोणतं झाड निवडावं?

पान लहान, वाढ संथ, मुळं तंतुमय आणि छाटणी सोसण्याची ताकद असलेलं. बटू डाळिंब, कुंती, अडेनियम, बुटक्या जातीचा क्रेप मर्टल, बारीक पानांचा फायकस ही झाडं नवख्या हातालाही साथ देतात. थंड हवेत जपानी मेपल कुंडीत फार सुरेख दिसतो, पण त्याला हिवाळ्यात खऱ्या थंडीची विश्रांती लागते आणि कडक उन्हात, कोरड्या वाऱ्यात त्याच्या पानांच्या कडा करपतात. अडेनियमचं नेमकं उलट. त्याला भरपूर ऊन हवं आणि पारा १० अंशांच्या खाली गेला की ते कुरकुरायला लागतं. म्हणून आधी आपल्याकडचं ऊन आणि थंडी पाहा, मग झाड ठरवा. झाड आवडलं म्हणून घरी आणलं आणि नंतर जागा शोधली, तर हाल झाडाचे होतात.

सुरुवातीलाच मोठी कुंडी घेतली तर पुन्हा पुन्हा बदलायचा त्रास वाचेल ना?

नाही वाचत. लहान रोपाभोवती खूप माती असली की जिथे मुळं पोचलेलीच नाहीत ती माती पाणी धरून बसते. ते पाणी शोषायला तिथे कोणी नसतं. माती आंबते आणि मुळं तिकडे वळली की सडतात. आताच्या कुंडीपेक्षा व्यासाने ५ ते ८ सेंटिमीटर मोठी, एवढीच वाढ एका वेळी द्या. अशी पायरीपायरीने ४० ते ४५ सेंटिमीटरची कुंडी आली की बहुतेक लहान झाडं तिच्यात पुढची कित्येक वर्षं काढतात.

आकाराकडेही लक्ष द्या. मोठ्या पोटाची आणि अरुंद तोंडाची कुंडी देखणी दिसते, पण दोन वर्षांनी मुळांचा गड्डा बाहेर काढायचा झाला तर एक तर कुंडी फोडावी लागते, नाहीतर मुळं तोडावी लागतात. तोंड बुडापेक्षा रुंद असलेलीच घ्या.

मातीची कुंडी बरी की प्लॅस्टिकची?

दोन्ही चालतात, पाण्याचा हिशेब तेवढा बदलतो. भाजलेल्या मातीच्या कुंडीच्या अंगातूनही पाणी उडतं, त्यामुळे ती लवकर सुकते आणि मुळांना हवा जास्त मिळते. ज्यांचा हात पाणी घालताना सैल सुटतो त्यांनी हीच घ्यावी. प्लॅस्टिकमध्ये ओल टिकते, मात्र काळी प्लॅस्टिकची कुंडी भर उन्हात इतकी तापते की कडेची मुळं भाजून निघतात. तिला बाहेरून गोणपाट गुंडाळा किंवा पुढे दुसरी कुंडी ठेवून सावली करा. नव्या सिमेंटच्या कुंडीतून सुरुवातीला चुना पाझरतो, म्हणून ती काही दिवस पाण्याने भरून ठेवा आणि ते पाणी दोन-तीनदा बदला.

निचऱ्यासाठी तळाला खडी किंवा खापरं घालायची ना?

हा सल्ला इतक्या प्रेमाने दिला जातो की मोडवत नाही, पण तो चुकीचा आहे. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहज उतरत नाही. ते खडीच्या वर, मातीच्या शेवटच्या थरात अडून राहतं. म्हणजे पाणी साचायची जागा तशीच राहते, फक्त ती मुळांच्या आणखी जवळ सरकते.

घरी करून बघा. भांडी घासायचा जाड स्पंज पाण्यात भिजवा आणि आडवा धरा. निथळायचं तेवढं निथळू द्या. पाणी गळायचं थांबलं की तोच स्पंज उभा करा. आणखी पाणी गळेल. उंची वाढली की निचरा वाढतो. खडी घातली की तुम्ही मातीची उंची कमी करता, म्हणजे स्पंज आडवा करता. भोकावर जाळीचा तुकडा किंवा एखादं उपडं खापर पुरे, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरतंच. बाकी कुंडी वरपासून खालपर्यंत एकाच मिश्रणाने भरा.

मिश्रण कसं करायचं?

बागेतली नुसती माती कुंडीत घालू नका. जमिनीत गांडुळं आणि खोल मुळं तिला मोकळी ठेवतात, कुंडीत मात्र ती महिनाभरात दबून विटेसारखी होते. साधारण एक भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं खत आणि एक भाग जाडसर, पाणी सोडणारं काहीतरी: परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे), विटांचे बारीक तुकडे किंवा जाड वाळू. अडेनियमसाठी हा जाडसर भाग निम्म्याहून जास्त ठेवा. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वापरणार असाल तर आधी दोन पाण्यांतून धुऊन घ्या, त्यात क्षार असू शकतात.

मिश्रण जमलं का हे पाहायला ओलसर मूठभर घेऊन घट्ट दाबा. लाडवासारखं वळलं पाहिजे आणि बोटाने टिचकी मारली की फुटलं पाहिजे. फुटलं नाही तर जाडसर भाग वाढवा.

किती दिवसांनी पाणी घालायचं?

दिवस मोजून पाणी घालणं हेच मुळात सोडून द्या. शेतकऱ्यांच्या तोंडी एक शब्द आहे, वाफसा. जमीन ओली आहे पण चिखल नाही, हाताला गारवा लागतो पण बोटाला माती चिकटत नाही, ती अवस्था. मुळांना पाणी आणि हवा दोन्ही एकाच वेळी मिळतात ते वाफशातच. कुंडीतही तोच शोधायचा.

बोट दोन पेरं आत घाला. वरची माती कोरडी आणि आत गारवा असेल तर थांबा. आतही कोरडं लागलं तर घाला, आणि घालाल तेव्हा तळाच्या भोकातून वाहीपर्यंत घाला. रोज थोडं शिंपडलं तर वरचा थर ओला राहतो, खालची मुळं तहानलेली राहतात आणि नवी मुळं पाण्याच्या आशेने वर येऊन उन्हात सापडतात. लहान कुंडी असेल तर उचलून पाहा. आठवड्याभरात हाताला ओल्या-कोरड्या वजनातला फरक कळायला लागतो आणि मग बोट घालायचीही गरज उरत नाही.

एक फसगत फार होते. झाड माना टाकतं, आपण लगेच पाणी घालतो. पण जास्त पाण्याने मुळं सडली तरी झाड अगदी तशाच माना टाकतं, कारण सडलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. माझी एक कुंती मी अशीच गमावली. भर उन्हाळ्यात मलूल दिसली म्हणून तीन दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी घालत राहिलो आणि उपटल्यावर मुळं काळी, मऊ निघाली. तेव्हापासून झारी उचलण्याआधी बोट मातीत जातं.

आणि माती अगदी सुकून कुंडीच्या कडेपासून सुटली असेल तर वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. तळातून पाणी आलं म्हणून आपण निश्चिंत होतो आणि गड्डा आतून कोरडाच असतो. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवा, मग बाहेर काढून निथळू द्या. एरवी मात्र कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका.

झाड लहान कसं ठेवायचं?

वरून आणि खालून, दोन्हीकडून. नुसत्या फांद्या छाटल्या तर मुळं कुंडीच्या भिंतीला लागून गोल गोल फिरत राहतात आणि शेवटी स्वतःलाच आवळतात. दर दोन-तीन वर्षांनी, नवी वाढ सुरू व्हायच्या तोंडावर, झाड बाहेर काढा. बाहेरची गोल फिरलेली मुळं धारदार कात्रीने कापा, एकूण गड्ड्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. मुळं जेवढी कमी केलीत तेवढ्या अंदाजाने वरच्या फांद्याही कमी करा. नवं मिश्रण भरून त्याच कुंडीत परत लावा, दोन आठवडे सावलीत ठेवा आणि नवी पालवी दिसेपर्यंत खत देऊ नका. पहिल्यांदा हात थरथरतो, पण महिन्याभरात येणारी तजेलदार पानं पाहिली की भीती जाते.

म्हणजे हे बोनसायच झालं का?

नाही. बोनसाय हा जपानी शब्द, अर्थ साधारण ‘उथळ तबकात लावलेलं’, आणि त्या कलेचं मूळ चीनमध्ये आहे. तिथे तारेने फांद्या वळवून म्हाताऱ्या वृक्षाचं रूप घडवतात. आपण इथे झाडाला त्याच्याच आकारात, फक्त कुंडीला झेपेल इतकं ठेवतो आहोत.

झाड हिरवंगार आहे, पण फुलतच नाही.

बहुधा ऊन कमी पडतंय किंवा खतातलं नत्र (नायट्रोजन) जास्त होतंय. तिसरं कारण चुकीच्या वेळची छाटणी. जास्वंद, क्रेप मर्टल ही झाडं नव्या फुटीवर फुलतात, त्यांना वाढीचा हंगाम सुरू होण्याआधी छाटा. अझेलिया, कॅमेलिया यांच्या कळ्या आधीच्या हंगामातल्या फांद्यांवर धरलेल्या असतात. त्यांना फुलं ओसरल्या ओसरल्याच छाटा. उशिरा छाटलं, तर पुढच्या वर्षीच्या कळ्याच कापल्या जातात.

टोमॅटोची कोणती जात घ्यावी?

आधी वाढीची सवय विचारा, फळाचा रंग नंतर. मर्यादित वाढीच्या जाती साधारण मीटरभर वाढून थांबतात आणि बरीचशी फळं थोड्या आठवड्यांत एकदम देतात. अमर्याद वाढीच्या जाती वेलीसारख्या वाढत राहतात, हवा साथ देईल तोवर थोडी थोडी फळं देतात आणि त्यांना माणसाच्या उंचीचा भक्कम आधार लागतो. जागा थोडी असेल तर पहिल्या, रोज ताजी फळं तोडायची असतील तर दुसऱ्या. पहिल्याच वर्षी लावत असाल तर चेरी टोमॅटो घ्या. मोठ्या फळांच्या जातींपेक्षा तो चुका आणि हवामानाचे चढउतार जास्त सोसतो.

रोप कधी आणि कसं लावायचं?

२० ते ३० अंश तापमानात बी साधारण ५ ते १० दिवसांत उगवतं. रोप १५ ते २० सेंटिमीटरचं झालं की लावणीला तयार. सावलीत वाढलेलं रोप एकदम उन्हात नेलं तर पानं पांढरी पडून वाळतात, म्हणून आठवडा-दहा दिवस रोज थोडा थोडा वेळ बाहेर ठेवून त्याला उन्हा-वाऱ्याची सवय करा. दहिवराचा (गोठलेल्या दवाचा) धोका टळल्याशिवाय जमिनीत लावू नका, एका रात्रीत सगळं काळं पडतं.

लावताना खालची पानं काढून खोड खोलवर पुरा. टोमॅटोच्या खोडाला जिथे माती लागेल तिथे मुळं फुटतात. उंच, किडकिडीत झालेलं रोप फेकू नका, त्याला चरात आडवं निजवा आणि शेंडा तेवढा वर ठेवा. फक्त कलमी रोप असेल तर जोड मातीच्या वरच राहू द्या. दोन रोपांत ४५ ते ६० सेंटिमीटर अंतर, दिवसाला किमान सहा तास थेट ऊन, आणि आधाराची काठी लावणीच्याच दिवशी रोवा. नंतर रोवलीत तर मुळं तुटतात.

बगलफुटी काढाव्यात का?

पान आणि खोड यांच्या बेचक्यात येते ती बगलफूट. अमर्याद वाढीच्या जातीत एक किंवा दोन मुख्य खोडं ठेवून बाकीच्या, बोटाएवढ्या असतानाच, मोडून टाका. मर्यादित जातीत काढू नका, फळं तिथेच येणार असतात. मोडलेली फूट पाण्यात ठेवली तर तिला मुळं फुटतात, तेच पुढचं रोप.

फुलं येतात आणि गळून जातात. काय चुकतंय?

बरेचदा तुमचं काही चुकत नसतं, हवा चुकीची असते. दिवसा पारा ३५ अंशांच्या वर, रात्री २४ च्या वर किंवा १३ च्या खाली राहू लागला की फळधारणा बिघडते आणि फूल देठापासून तुटतं. अशा वेळी दुपारची सावली द्या, ओल टिकवा आणि हवा बदलायची वाट पाहा. घाबरून खत वाढवू नका. जास्त नत्राने झाड आणखी पानांकडे वळतं.

टोमॅटोचं फूल आपल्याच परागांनी फळतं, पण पराग बाहेर पडायला हादरा लागतो. वारा तो देतो, आणि काही जंगली माश्या, विशेषतः भुंगमाश्या, फुलाला धरून अंग थरथरवतात त्याने तर पराग धुळीसारखा उडतो. आडोशाच्या जागी दुपारच्या सुमारास फुलांच्या घोसामागे बोटाने हलकी टिचकी मारा.

फळाच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडतो. कोणता रोग आहे?

रोग नाही, म्हणून फवारणीने जाणारही नाही. फळाच्या टोकाला कॅल्शियम पोचलेलं नसतं. कॅल्शियम झाडात पाण्याबरोबर चढतं आणि पाणी जिथून जास्त उडतं तिकडे, म्हणजे पानांकडे, ओढलं जातं. फळाच्या वाट्याला आधीच थोडं येतं. त्यात दोन दिवस कोरडं आणि तिसऱ्या दिवशी पूर असं पाणी दिलं की पुरवठा तुटतो आणि सर्वांत लांबचं टोक उपाशी राहतं. मातीत कॅल्शियम बहुधा पुरेसं असतं, कमी पडतो तो पाण्याचा नेम.

मुळाशी ५ ते ७ सेंटिमीटर जाडीचं पालापाचोळ्याचं किंवा वाळल्या गवताचं आच्छादन घाला. पाणी खोल आणि नेमाने द्या. डागाळलेली फळं तोडून टाका, म्हणजे पुढची पोसतील. अंड्याची टरफलं पुरायला हरकत नाही, पण ती विरघळायला इतका वेळ लागतो की या हंगामाच्या फळांना त्यांचा उपयोग नाही. कोरड्यानंतर एकदम भरपूर पाणी मिळालं की फळं तडकतात, तेही याच कारणाने. आतला गर फुगतो आणि साल तेवढी ताणत नाही.

पानं गुंडाळताहेत, डाग पडताहेत. कसं ओळखायचं?

खालची पानं वरच्या बाजूला गुंडाळली, रंग मात्र हिरवाच असेल तर तो उन्हाचा किंवा जास्त छाटणीचा ताण. काही करू नका. शेंड्याची नवी पानं बारीक, आकसलेली, कडेने पिवळी येत असतील आणि वाढ खुंटली असेल तर तो पर्णगुच्छ विषाणू असू शकतो. पांढरी माशी तो पसरवते. त्यावर औषध नाही. वाईट वाटतं, तरी ते झाड उपटून बागेबाहेर न्या, बाकीची वाचतील.

खालच्या पानांवर एकात एक वर्तुळं असलेले तपकिरी डाग म्हणजे लवकर येणारा करपा. ती पानं काढा, पानांवर पाणी पडू देऊ नका. थंड, दमट हवेत पाण्याने भिजल्यासारखे गडद डाग आणि पानाखाली पांढुरकी बुरशी दिसली तर तो उशिरा येणारा करपा. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याची पिकं बुडाली ती याच जिवामुळे. तो काही दिवसांत सगळी रांग झोपवतो, तेव्हा थांबू नका.

झाड हिरवं असतानाच अचानक कोमेजलं तर बुंध्याचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात उभा धरा. कापल्या जागेतून दुधट धागे खाली उतरताना दिसले तर जिवाणूजन्य मर. तिथे टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा यांतलं काहीच पुन्हा निदान तीन वर्षं लावू नका.

एकच खत दोघांना चालेल का?

खत एक असू शकतं, माप एक नसावं. कुंडीतल्या झाडाला वाढीच्या काळात थोडं, सावकाश सुटणारं खत द्या आणि विश्रांतीच्या काळात अजिबात नको. कुंडीच्या काठावर पांढरी पापुद्री दिसली तर ते साचलेले क्षार. भरपूर पाणी घालून धुऊन काढा. टोमॅटोला लावणीच्या वेळी भरपूर कुजलेलं खत आणि पहिली फळं गोटीएवढी झाली की पालाशयुक्त (पोटॅशियमचं) खत दर दोन आठवड्यांनी.

झाडाच्याच मोठ्या कुंडीत कडेला टोमॅटो लावला तर?

नका लावू. टोमॅटोची मुळं कुंडी भरून टाकतात, पाणी पळवतात, आणि त्याला पुरेल इतकं पाणी-खत दिलं तर झाडाची मुळं गुदमरतात. टोमॅटो कुंडीत हवाच असेल तर त्याला स्वतःची, किमान २० लिटर मातीची कुंडी द्या आणि मर्यादित वाढीची जात निवडा. दरवर्षी मिश्रण नवं.

घरात लहान मुलं, कुत्रं-मांजर आहे. धोका आहे का?

अडेनियमचा आणि कण्हेरीचा चीक विषारी आहे. आफ्रिकेत अडेनियमचा रस बाणांना लावत असत. छाटताना हातमोजे घाला, चीक डोळ्यांजवळ जाऊ देऊ नका. टोमॅटोची पानं-खोडंही कोणी चघळू नयेत.

फळं हिरवीच राहतात, लाल होत नाहीत.

३० अंशांच्या वर लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही, फळ पिवळट-नारिंगीवरच अडकतं. पहिली रंगाची झाक दिसली की तोडून घरात सावलीत ठेवा, पिकायला ऊन लागत नाही, आणि पाखरांपासूनही वाचतं. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, थंडीने त्याचा वास आणि चव जाते.

पुढच्या वर्षीसाठी बी धरता येईल का?

संकरित जातीचं धरलंत तर रोपं आईसारखी येतीलच असं नाही. सरळ (संकर न केलेल्या) जातीचं मात्र जरूर धरा. सर्वांत निरोगी झाडावरचं पूर्ण पिकलेलं फळ घ्या, बिया गरासकट वाटीत काढा, थोडं पाणी घालून दोन-तीन दिवस आंबू द्या. त्याने बियांभोवतीचा बुळबुळीत थर सुटतो. वर तरंगेल ते टाकून द्या, तळाच्या बिया धुऊन बशीवर सावलीत वाळवा. कागदावर वाळवल्या तर चिकटून बसतात. कडकडीत वाळल्या की कागदी पुडीत भरा, पुडीवर जात आणि वर्ष लिहा आणि कोरड्या, थंड जागी ठेवा. अशा बिया चार वर्षं सहज उगवतात.